'जैवविघटनशील'ला बोलीत काय म्हणायचं?

खानापूरकर: बचत गटासाठी पत्रक लिहायलोय. विषय, ओल्या कचऱ्यातून जिवाणूंकडून प्लास्टिक. 'जैवविघटनशील' वाचून काकू म्हणाली, "हे कानडी की काय?" कानडीतही 'जैविक विघटनीय'च, म्हणजे दोन्हीकडे गाडी संस्कृतवरच अडलेली. 'विरघळणारं' चालेल?

टिळकवाडीची: नको. विरघळलेली साखर पाणी आटवलं की परत मिळते. इथं जिवाणू ते प्लास्टिक खाऊनच टाकतात. 'कुजणारं' लिही.

निपाणीकर: 'सडणारं' का नको?

टिळकवाडीची: सडतो तो कांदा. उकिरड्यात कुजतं त्याचं खत होतं. फरक वासाचा नाही, उपयोगाचा आहे.

मळीवाला: (कारखान्याच्या लॅबमध्ये होतो, म्हणून बोलतो.) 'कुजणारं' बरोबर, पण कुठं कुजणारं ते लिहा. पीएलए नावाच्या प्लास्टिकसाठी जिवाणू फक्त लॅक्टिक आम्ल करतात, त्याचं प्लास्टिक पुढं रसायनशाळेत होतं. ते कुजायला ६० अंशांच्या आसपास तापलेला कंपोस्टचा ढीग लागतो, परसातल्या खड्ड्यात लवकर दाद देत नाही. पीएचए हे दुसरं प्लास्टिक मात्र थेट जिवाणूच्या पेशीत तयार होतं आणि साध्या मातीतही कुजतं. त्यातला एक प्रकार, पीएचबी, फ्रान्सच्या लेमॉईन या शास्त्रज्ञानं १९२६ मध्येच ओळखलं होतं. आणि 'जैवप्लास्टिक' तर लिहूच नका. उसाच्या इथेनॉलपासून केलेलं पॉलिथिनही त्याच नावानं खपतं, ते कुजत नाही.

खानापूरकर: मग 'जिवाणू प्लास्टिक बनवतात' हे तरी बरोबर?

मळीवाला: 'साठवतात' म्हणा. आधी कचरा हवा न लागू देता आंबवायचा, की आम्लं तयार होतात. ती दुसऱ्या टाकीत जिवाणूंना घालायची. कार्बन रग्गड आणि नायट्रोजन तोटका, असं झालं की जिवाणू वाढायचं सोडून पेशीत पीएचएचे दाणे भरून ठेवतो. त्याची ती कणगीच की! आपण पेशी फोडून कणगी लुटतो.

निपाणीकर: कणगी! हा शब्द पत्रकात पाहिजेच.

टिळकवाडीची: 'अन्नकचरा' पण बदल. 'खरकटं' लिही.

खानापूरकर: भाजीची देठं, केळीची सालं खरकटं कशी? ती ताटात आलीच नाहीत. शिवाय आमच्यात खरकटवणी म्हशीला जाते. काकू विचारणार, म्हशीचं काय?

टिळकवाडीची: बरं, मग 'ओला कचरा'च ठेव. घंटागाडीवाल्यालाही तोच कळतो.

खानापूरकर: ठरलं: 'ओल्या कचऱ्यावर पोसलेले जिवाणू पोटात कणगी भरतात, त्याचं मातीत कुजणारं प्लास्टिक होतं.' काकूला वाचून दाखवलं. म्हणाली, "जिवाणू म्हणजे?"