जूनमधला हंस रानटी की पळालेला?

खाडीकाठी: नेरूळच्या टी. एस. चाणक्य पाणथळीत जूनमध्ये एकटाच राखाडी हंस दिसला, तर ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरच्या टिपणीत त्याला रानटी म्हणावं का? माझं मत, नाही. डोक्यावर पट्टे असलेला पट्टकदंब हा हंस हिवाळी पाहुणा. मे-जूनमध्ये तो लडाख, तिबेट, मंगोलियात अंड्यांवर असतो. दुसरा राखाडी हंस, कलहंस, तेव्हा मध्य आशिया-सायबेरियात. मग पावसाच्या तोंडावर इथे कोण? बहुधा फार्महाउसवरून सटकलेला. पोट जमिनीकडे लोंबतंय, मान जाड, अंगावर वेडेवाकडे पांढरे डाग, तर पाळीवच. चोचीच्या मुळाशी गाठ असलेला चिनी पाळीव, तिथे वादच नको.

दलदल: सहमत नाही. महिना पाहून निकाल कसला देता, पंख बघा! हंस उन्हाळ्यात उडायची सगळी पिसं एकदम टाकतात आणि महिनाभर उडू शकत नाहीत. ‘उडत नाही, म्हणजे पाळीव’ हे जूनमध्ये चालत नाही. अंघोळ आटोपली की हंस उभा राहून पंख झटकतो, तेव्हा बर्स्टवर, म्हणजे एकापाठोपाठ एक, फोटो काढा. दोन्ही पंखांची पिसं सारखीच आखूड आणि बुडाशी नळीत असतील, तर ती पिसांची नैसर्गिक गळती. एकाच पंखाची टोकं सरळ कापलेली असतील, तर माणसाची कात्री. एक पंख लोंबतोय, तर जखमी असू शकतो, आणि जखमी झाला म्हणून रानटी पक्षी पाळीव होत नाही.

खाडीकाठी: कापलेली पिसं पुढच्या गळतीत नवी येतात की! आणि सगळे मालक कुठे पंख कापतात? धड पंखांवरून काहीच ठरत नाही.

भरती_ओहोटी: जात ठरायच्या आधीच भांडताय राव. डोक्यावर दोन काळे पट्टे, चोच आणि पाय पिवळट-नारिंगी, तो पट्टकदंब. पट्टे नसले की ‘पिल्लू असेल’ म्हणतात, पण ती सबब जूनमध्ये लंगडी. गेल्या वर्षीच्या पिल्लांना हिवाळा सरेपर्यंत पट्टे येतात आणि यंदाची तिकडे नुकतीच अंड्याबाहेर पडताहेत. कलहंसाचे पाय गुलाबी. उडताना पंखाची पुढची कड फिकट रुपेरी चमकते. पायाचा रंग मात्र अंघोळीनंतरच बघा. खाडीच्या चिखलात नारिंगी, गुलाबी सगळे सारखेच करडे.

दलदल: पायातलं कडंही बघा. सांधा असलेलं कडं मोठ्या पक्ष्यालाही घालता येतं. बिनसांध्याचं फक्त लहान पिल्लाच्या पायात जातं, म्हणजे बहुधा पिंजऱ्यातली पैदास. क्रमांक वाचता आला तर बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा.

खाडीकाठी: कडं नसेल तर? पट्टकदंबही लोक पाळतात. पाव टाकल्यावर धावत येणाऱ्याला मी तरी रानटी लिहिणार नाही.

दलदल: लिहू नका. ‘मूळ अनिश्चित’ लिहा आणि दोन्ही पंखांचे फोटो जोडा. पळालेल्याचा वर्ग लावायचा की नाही, ते ईबर्डचे नोंदी तपासणारे रिव्ह्यूअर बघतील. पण जून आहे म्हणून नोंदच गाळू नका.