थिनरने मेंदूवर परिणाम होतो का? मिस्टरांचं विसरणं वाढलंय, मदत हवी आहे

माझे मिस्टर 22 वर्षं स्प्रे पेंटिंग करतात. वय 47. रंग, हार्डनर, थिनर यांचं प्रमाण त्यांना तोंडपाठ असायचं. परवा मी कामाच्या जागी गेले, तर प्रमाण भिंतीवर खडूने लिहिलेलं. ओतता ओतता थांबत होते, पुन्हा भिंतीकडे बघत होते. पोटात कालवलं माझ्या.

चिडचिड इतकी की मुलं बोलायला घाबरतात. मूळचा स्वभाव असा मुळीच नाही. संध्याकाळी डोकं जड, आंघोळ झाल्यावरही श्वासाला थिनरचा वास. सुट्टीत चार दिवस घरी असले की डोकं हलकं होतं, विसरणं मात्र तसंच. दारू नाही, बीपी-शुगर नाही.

एमआरआय नॉर्मल आला. डॉक्टरांनी ताण म्हणून झोपेची गोळी दिली, काम काय करतात हे विचारलंही नाही. दाखवायचं कोणाला? काम सोडलं तर भरून येईल का?

प्रतिसाद:
ताई, तुमची शंका रास्त आहे. मी कारखान्यांत आरोग्य-सुरक्षेचं काम करतो. थिनरमधले टोल्युइन, झायलिन चरबीत विरघळतात, त्यामुळे श्वासातून रक्तात आणि तिथून मेंदूत सहज पोहोचतात. एमआरआय नॉर्मल असूनही हा त्रास असू शकतो. न्यूरॉलॉजिस्टना दाखवा, कामाचा सगळा इतिहास सांगा आणि न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणीबद्दल विचारा. तीत लक्ष, स्मरणशक्ती, विचारांचा वेग तपासतात. बी12, थायरॉइड, नैराश्य आणि झोपेत श्वास अडकणं हेही बघून घ्या, त्यानेही असंच होतं. झोपेच्या गोळीचंही सांगा. लघवीच्या तपासणीत फक्त अलीकडचा संपर्क कळतो, 22 वर्षांचा हिशेब त्यात मिळत नाही.

संपर्क थांबला की हा त्रास सहसा पुढे वाढत नाही. काहींना बराच फरक पडतो, पण झालेलं सगळं भरून येईलच असं नाही. म्हणून वाट बघू नका. मास्क कुठला वापरतात? हात कशाने धुतात?

धागाकर्ती:
मास्क साधा, धुळीचा आहे. हात रोज थिनरनेच धुतात.

प्रतिसाद:
धुळीच्या मास्कमधून वाफ आरपार जाते, सक्रिय कोळशाचं कार्ट्रिज असलेला लागतो. आणि थिनर कातडीतूनही आत जातं, त्याने हात धुणं आजच बंद करा. डॉक्टरांकडे जाताना डब्यांच्या लेबलचे फोटो न्या.

धागाकर्ती:
त्यांना आत्ताच फोन केला. संध्याकाळी फोटो काढून आणतायत.