हिमोग्लोबिनचा आकडा आणि रक्ताची पिशवी
मुलाचे हिमोग्लोबिन ८ असूनही डॉक्टरांनी रक्त चढवले नाही, ही आपली तक्रार वाचली. आपली घालमेल मी समजू शकते, कारण डिचोलीच्या माझ्या भाचीच्या वेळी आम्हीही असाच हट्ट धरला होता. मात्र मूल स्थिर असेल आणि रक्तस्राव होत नसेल, तर अतिदक्षता विभागातही साधारणतः हिमोग्लोबिन (दर १०० मिली रक्तात) ७ ग्रॅमच्या खाली गेल्यावरच रक्ताचा विचार करतात. हिमोग्लोबिन लोहाच्या कमतरतेमुळे उतरले असेल, तर लोहाचे औषध हाच खरा उपाय. भाचीला रोज ड्रॉपरने ते काळसर थेंब पाजले आणि हळूहळू तिच्या पापण्यांच्या आतला पांढुरकेपणा गेला. थॅलेसेमियाच्या, म्हणजे जन्मतःच शरीरात पुरेसे हिमोग्लोबिन न बनण्याच्या आनुवंशिक आजाराच्या, मुलांची गोष्ट निराळी: त्यांना ठरावीक आठवड्यांनी रक्त लागतेच, आणि गोव्यातल्या बांबोळीच्या रक्तपेढीतली पिशवी आधी त्यांच्यासाठी शिल्लक राहिली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.