गुळाच्या पावडरचे ड्रम भरताना व्हायब्रेटिंग टेबल वापरावे का?

प्रश्न (गूळउद्योग, संकेश्वर)

नमस्कार. संकेश्वरजवळ आमचा गुळाची पावडर तयार करण्याचा लहान उद्योग आहे. 50 लिटरचे प्लास्टिकचे ड्रम आम्ही काठोकाठ भरून, वजन करून झाकतो; परंतु चोर्ला घाट उतरून माल गोव्यात पोहोचेपर्यंत पावडर चार बोटे खाली बसते आणि वजन पूर्ण असूनही ग्राहक शंका घेतात. कामगार ड्रम जमिनीवर आपटून भरतात. त्याने तळाला तडे जातात आणि त्यांच्या कमरेलाही त्रास होतो. व्हायब्रेटिंग टेबलाने, म्हणजे वर ठेवलेला ड्रम मोटारीने थरथरवणाऱ्या टेबलाने, हा प्रश्न सुटेल का, आणि ते घेताना काय पाहावे?

उत्तर (फाउंड्रीकर, उद्यमबाग, बेळगाव)

आमच्याकडे मोल्डिंगच्या, म्हणजे ओतकामाचे वाळूचे साचे करण्याच्या, पेट्यांसाठी अशी टेबले रोज चालतात, म्हणून सविस्तर लिहितो. कंपनामुळे कणांमधले घर्षण क्षणभर सुटते, अडकलेली हवा वर निघून जाते आणि कण एकमेकांच्या पोकळ्यांत सरकून बसतात. रेझिन (वाळू धरून ठेवणारा चिकट पदार्थ) मिसळलेली वाळू घट्ट होण्यापूर्वी याच रीतीने सुरेख बसते. मात्र बेंटोनाइट (एक चिकण माती) व पाणी घातलेली ओलसर वाळू, म्हणजे ग्रीन सँड, नुसत्या कंपनाला दाद देत नाही, कारण चिकटपणा कणांना सरकू देत नाही, आणि तिथे आपटून दाबणारे यंत्रच लागते. गूळ ओलावा ओढून घेतो. त्यामुळे आपली पावडर कोरडी आहे की दमट, यावरच टेबलाचा उपयोग ठरेल.

यंत्र घेण्याआधी एक चाचणी करावी. काचेच्या उभ्या मापात पावडर अलगद भरून उंची मोजावी, मग पातळी खाली जाणे थांबेपर्यंत ते टेबलावर हलके ठोकावे. 24 सेंटीमीटरची पावडर 20 वर आली, तर गुणोत्तर 1.2 झाले. हे गुणोत्तर 1.25 च्या पुढे जाऊ लागले की पावडर चिकट आहे असे समजावे. अशा वेळी टेबलापेक्षा वाळवण्याकडे आधी पैसा लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

टेबलाखाली असमतोल वजने लावलेल्या दोन मोटारी असाव्यात. त्या परस्परांच्या उलट फिरल्या की आडवे धक्के एकमेकांना रद्द करतात आणि उभे कंपन उरते. मिनिटाला 1,500 फेऱ्या असताना मध्यापासून 1 मिलिमीटर हालचाल झाली, तर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे अडीच पट प्रवेग मिळतो. 3,000 फेऱ्यांना त्यासाठी पाव मिलिमीटर पुरते. बारीक पावडरला सहसा ही जलद, लहान हालचाल मानवते. प्रवेग एक पटीच्या पुढे गेला की मोकळा ड्रम उड्या मारू लागतो, म्हणून तो क्लॅम्पने टेबलाला आवळलाच पाहिजे. शिवाय ड्रम पूर्ण भरून मग हलवण्यापेक्षा भरत असतानाच टेबल चालू ठेवावे, कारण उंच थरातून कंपन वरपर्यंत पोहोचत नाही आणि तळाची हवा आतच कोंडते.

उत्तर (काजू कारखानदार, खानापूर)

वरील माहितीत एकच भर घालतो. मालात बारीक भुकटीबरोबर जाड खडे असतील, तर कंपनाने खडे वर येतात आणि भुकटी तळाला जाते, म्हणून आधी एकसारखे चाळून घ्यावे व पातळी स्थिरावताच टेबल बंद करावे. वजनकाटा टेबलाखाली असल्यास अंतिम वजन कंपन थांबल्यावरच वाचावे.

गूळउद्योग, संकेश्वर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पावसाळ्यात आमची पावडर हाताला चिकटते. तेव्हाही टेबल चालवावे का?

फाउंड्रीकर, उद्यमबाग

त्या दिवसांत चालवू नये. दमट पावडर दाबून बसवली की कण जास्त जागी एकमेकांना टेकतात आणि पुढे ड्रममध्येच ढेप होते. ती वाळवून, पूर्ण गार करून, आत प्लास्टिकची पिशवी घालून भरावी. गरम भरल्यास झाकणाखाली वाफ धरते. टेबल घेतलेत तर मोटारींना वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह जरूर लावावा, मात्र वेग निम्मा केल्यावर जोर चौथाईवर येतो, हे हिशेबात धरावे.