जुन्या स्नोमोबाइलवर जीपीएस: बसवू कुठे, वीज घेऊ कुठून?

बर्फवाट
नमस्कार मंडळी. मी मिशिगनच्या उत्तरेला, हॅनकॉकला राहतो. यंदा जुनी टू-स्ट्रोक, कार्ब्युरेटरवाली स्नोमोबाइल घेतली. दोरी ओढून चालू होते, बॅटरी नाहीच. तीन नंबरच्या ट्रेलने (स्नोमोबाइलसाठी आखलेल्या वाटेने) कॉपर हार्बर गाठायचंय. जंगलात फोनला रेंज नसते आणि थंडीत फोन बघता बघता मान टाकतो, म्हणून गार्मिनचं मोंटाना ६१० हे जीपीएस घेतलं. ते हँडलला लावू की विंडशील्डमागे? आणि हेडलाइटच्या वायरीला जोड मारून सिगारेट लायटरचं सॉकेट बसवलं तर चालेल का? इथला एक जण म्हणतो, बिनधास्त जोड. मला धीर होत नाही.

मॅग्नेटो
धीर होत नाही तेच बरं. अजून त्या वायरीला हात लावू नका.

बिनबॅटरीच्या जुन्या गाडीत हेडलाइटला बहुधा एसी, म्हणजे दिशा सतत उलटसुलट होणारी वीज जाते. फ्लायव्हीलखालची कॉइल एसी बनवते. रेग्युलेटर फक्त व्होल्टेज फार चढू देत नाही, डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, करून देत नाही. बल्बला आणि मुठी गरम करणाऱ्या तारांना दोन्ही सारखेच, पण लायटरच्या चार्जरला डीसीच लागतो. एसी दिलात तर चार्जर जाईल, आणि जाता जाता जीपीएसही घेऊन जाईल.

आधी मोजा. इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर हेडलाइटच्या प्लगवर धरा, एकदा एसीवर, एकदा डीसीवर. मग इंजिन बंद करून, प्लग सुटा करून, कॉइलकडून येणारी एखादी वायर चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडलेली आहे का तेही बघा. आकडे इथे टाका, मग पुढचं सांगतो.

सडबरीकर
बसवण्याचं मी सांगतो, ऑन्टॅरिओत बरेच हिवाळे हेच करतोय. विंडशील्डवर नको. ते थरथरतं आणि थंडीत कडक होऊन तडकतं. हँडलबारच्या मधल्या भागाला यू-बोल्टने एक इंची रबरी गोळ्याचा रॅम माउंट (रॅम कंपनीचा धारक) लावा. टू-स्ट्रोकचा थरथराट रबर बराच खातो. शिवाय जीपीएसला एक दोरी बांधून ठेवा.

वायर लावल्यावर हँडल दोन्हीकडे टोकापर्यंत वळवून बघा. कुठे ताण येतो का, आणि मुख्य म्हणजे थ्रॉटलच्या केबलला किंवा अंगठ्याच्या लिव्हरला ती अडते का. लिव्हर सोडल्यावर टकदिशी मागे आलंच पाहिजे. वायर एक्झॉस्टपासूनही लांब ठेवा.

बर्फवाट
मोजलं. एसीवर १३.६, डीसीवर जवळजवळ शून्य. कॉइलची एक वायर चॅसीलाच आहे.

मॅग्नेटो
म्हणजे एसीच. आता ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा, चार डायोडचा भाग) घ्या आणि त्याच्या डीसी बाजूला ४७०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा कपॅसिटर लावा, तो विजेचे चढउतार सपाट करतो. १३.६ एसी रेक्टिफाय होऊन कपॅसिटरवर १७-१८ व्होल्टपर्यंत चढू शकतो, म्हणून पुढचा यूएसबी कन्व्हर्टर १२/२४ व्होल्टवाला हवा, नुसता १२ चा नको. जोड मारला तिथेच, रेक्टिफायरच्या आधी, २ अँपिअरचा फ्यूज.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या कॉइलचं एक टोक चॅसीला आहे, तेव्हा रेक्टिफायरचा निगेटिव्ह चॅसीला अजिबात जोडायचा नाही. जोडलात तर आतल्या एका डायोडमधून शॉर्ट होतो. कन्व्हर्टरच्या दोन्ही वायरी थेट रेक्टिफायरला न्या. यूएसबी प्लगचं पत्र्याचं टोक निगेटिव्हलाच असतं, तेही हँडलच्या लोखंडाला टेकू देऊ नका. जोड सोल्डर करा, वर श्रिंक ट्यूब, आणि कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस. वितळलेला बर्फ कुठूनही आत शिरतो.

तरी माझं मत विचाराल तर या मोसमात वायरिंग करूच नका. ६१० मध्ये तीन एए सेल बसतात. रिचार्जेबल नव्हे, साधे लिथियमचे घ्या, ते उणे ४० पर्यंत काम देतात. एक जादा संच जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. सोबतचा लिथियम-आयन पॅक मात्र शून्याखाली चार्ज करायचा नसतो, म्हणजे गाडीवर चार्जिंगचा अर्धा फायदा इथेच गेला.

तळ्याकाठी
माउंट, वीज ठीक, नकाशाचंही बघा. ट्रेल खाजगी जमिनीतूनही जातात आणि मालकाने परवानगी काढून घेतली की वाट बदलते. म्हणून दरवर्षी ताजा नकाशा भरा, आणि फाट्यावरची पाटी वेगळं सांगत असेल तर पाटीचं ऐका. स्क्रीनवरची रेघ तळ्यावरून जाते म्हणून खाली बर्फ जाड आहे असं समजू नका, जीपीएसला बर्फाची जाडी कळत नाही. कालव्यापलीकडच्या हॉटनकडे जायचं असेल तर हिवाळ्यात लिफ्ट ब्रिजच्या खालच्या मजल्यावरून स्नोमोबाइल जातात, कालव्याच्या बर्फावर उतरू नका.

बर्फवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. लिथियम सेल आणि रॅम माउंट आजच मागवतो. रेक्टिफायरचं काम ३१ मार्चला ट्रेल बंद झाल्यावर निवांत करेन. मॅग्नेटो, तेव्हा सर्किटचं चित्र काढून टाकतो, सोल्डर करण्याआधी एकदा नजर घालाल का?

मॅग्नेटो
जरूर. चित्रात कॉइलचं चॅसीला गेलेलं टोक तेवढं ठळक दाखवा.