देणगीतला किती पैसा सणांना आणि किती शाळेला?

जमाखर्च :

नमस्कार. एकाच महाविद्यालयातून बाहेर पडलेले आम्ही चौदा जण गेली सहा वर्षे आपसांत वर्गणी काढून पुण्यातल्या एका संस्थेला देणगी देत आलो आहोत. ही संस्था बांधकाम मजुरांच्या आणि कचरावेचक कुटुंबांच्या वस्त्यांत संध्याकाळचे अभ्यासवर्ग चालवते, मुलांचे दाखले महापालिकेच्या शाळांत करून देते आणि दिवाळी, ईद, नाताळ, संक्रांत असे चार-पाच सण वस्तीतल्या मुलांसोबत साजरे करते. गेल्या वर्षी आमची रक्कम १,४०,००० रुपये झाली. संस्थेने पाठवलेल्या हिशेबात त्यांपैकी ४६,००० रुपये ‘सण-उत्सव’ या एकाच ओळीखाली दाखवले आहेत आणि त्या ओळीवरून आमच्यात सरळ दोन तट पडले आहेत.

एका तटाचे म्हणणे असे की आपण पैसे शिक्षणासाठी देतो, चकल्यांसाठी नव्हे. एवढ्या रकमेत अभ्यासवर्गाच्या एका ताईंचे सहा महिन्यांचे मानधन भागले असते. दुसरा तट विचारतो की आपल्या घरी आपण मुलांचे प्रगतिपुस्तक पाहून मग आकाशकंदील लावत नाही, तर या मुलांच्याच दिवाळीला अभ्यासाची अट कशासाठी?

मी कोणत्याच तटात नाही, कारण गेल्या दिवाळीत मी स्वतः वाटपाला गेलो होतो. मुले रांगेत उभी होती, पाहुणे एकेकाच्या हातात फराळाची पिशवी देत होते आणि एक कार्यकर्ता फोटो काढत होता. सात-आठ वर्षांच्या एका मुलीचे डोळे फोटोत मिटलेले आले म्हणून तिच्याकडून पिशवी परत घेतली आणि पुन्हा दिली. ती दुसऱ्यांदाही हसली, अगदी सवयीने. त्यानंतर घरच्या चिवड्याची चव मला काही दिवस लागली नाही.

तेव्हा या कामाचा अनुभव असलेल्यांना विचारतो : सणांवरचा खर्च मुळातच गैर मानावा का? आणि यंदाचे पैसे देण्याआधी संस्थेकडे नेमके काय मागावे?

खडूची डबी :

मी बीड जिल्ह्यातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आपला प्रश्न शहरातल्या वस्तीचा असला तरी सण आणि शाळा यांचा संबंध आमच्याकडे इतका उघड दिसतो की लिहिल्यावाचून राहवत नाही.

दिवाळीची सुट्टी लागते त्या दिवशी माझ्या वर्गात चाळीसच्या आसपास मुले असतात आणि शाळा उघडते तेव्हा निम्मी उरतात. ऊसतोडीचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि तो कोयता पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या फडावर निघतो. घरी आजी-आजोबा असतील तर मूल मागे राहते, नसतील तर तेही पाचटाच्या कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळायला जाते आणि मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाही. दोन वर्षांपूर्वी चौथीतली एक मुलगी सुट्टीच्या आदल्या दिवशी दप्तर घेऊन माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, “गुरुजी, हे तुमच्यापाशी ठेवा, घरी उंदरं कुरतडतेत.” ती परतली तेव्हा होळीही होऊन गेली होती.

अशा मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहांची योजना आहे. आई-वडील फडावर गेले तरी मूल गावातच राहावे आणि त्याला शाळेमार्फत जेवण मिळावे, असा तिचा उद्देश आहे. योजना चांगली आहे, पण फराळ संपला, आई गेली आणि शाळा अजून उघडायची आहे असे जे पंधरा दिवस असतात, त्यांत मूल मागे राहायला तयार होते की रडून ट्रॅक्टरमध्ये चढते, यावर पुढचे सगळे ठरते. आमच्या तालुक्यात काही लोकांनी दिवाळीच्या वाटपाचे पैसे वाचवून त्या पंधरवड्यात मुलांसाठी सकाळ-संध्याकाळ खेळ, गोष्टी आणि जेवण सुरू केले, तर त्या वर्षी गळती डोळ्यांना दिसेल इतकी कमी झाली.

आपल्या पुण्याच्या वस्तीतही बांधकाम मजूर दिवाळीला गावी जातात आणि परतताना पुष्कळदा दुसऱ्याच साइटवर उतरतात. म्हणून संस्थेकडे दोनच आकडे मागा : दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी अभ्यासवर्गात किती मुले होती आणि शाळा उघडल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात किती होती. जी मुले दुसऱ्या साइटवर गेली त्यांचे दाखले तिकडच्या शाळेत हलवले का, हेही विचारा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दाखला मिळायला उशीर झाला म्हणून दुसरी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही आणि कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही. मजूर आई-बापांना हे ठाऊक नसते. संस्थेला ठाऊक असायला हवे.

तिरकस :

मी पहिल्या तटातला, आणि सौम्य बोलणार नाही. सण हा देणाऱ्याच्या हौसेचा भाग आहे. दिवाळीच्या आठवड्यात प्रत्येक वस्तीत आणि अनाथाश्रमात तीन-तीन मंडळे फराळ घेऊन पोचतात, आणि जूनमध्ये, जेव्हा नववीची पुस्तके घ्यायची असतात, तेव्हा कोणी फिरकत नाही.

नववी म्हणालो ते मुद्दाम. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत. सरकारी शाळांतली मोफत पाठ्यपुस्तके, गणवेश आणि पोषण आहार हे सगळेही आठवीपर्यंतच. नववीत गेल्याबरोबर पुस्तके, वह्या, प्रवास, पुढे दहावीच्या परीक्षेचे शुल्क असा खर्च एकदम अंगावर येतो आणि नेमक्या त्याच वयात मुलगा चार पैसे कमावण्याजोगा आणि मुलगी, घरच्यांच्या मते, लग्नाजोगी होते. मध्येच शाळा सुटलेल्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते, पण तो भरायला लावणारे, शुल्क देणारे आणि परीक्षेपर्यंत मागे लागणारे कोणी तरी हवे. तुमच्या ४६,००० रुपयांत अशी किती मुले दहावीपर्यंत पोचली असती, याचा हिशेब करून पाहा.

आणि अभ्यासवर्गांची गरज कोणाला खोटी वाटत असेल तर मुलांना वाचन-गणित किती येते याची पाहणी करणाऱ्या ‘असर’चा २०२४ चा अहवाल पाहावा. देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २७.१ टक्के आहेत. हा आकडा २०२२ पेक्षा सुधारलेला आहे, हे विशेष.

उंबरठा :

मी अकरा वर्षे अशाच एका अभ्यासवर्गाची ताई आहे. तिरकस यांचा नववीचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे, तरीही त्यांच्याशी मी सहमत नाही, कारण ते सण आणि वाटप या दोन गोष्टी एकच धरून चालले आहेत.

वाटप आम्ही सहा वर्षांपूर्वी बंद केले. दिवाळीआधी महिनाभर सातवी-आठवीच्या मुलांची एक समिती बसते, तिच्या हातात ठरावीक रक्कम दिली जाते आणि सण तीच ठरवते. पहिल्या वर्षी समितीने निम्म्याहून अधिक पैसे फटाक्यांत उडवले आणि चिवड्यात शेंगदाणे मोजून घालावे लागले. धाकट्या मुलांनी समितीला जे ऐकवले ते कोणत्याही लेखापरीक्षकाने ऐकवले नसते. दुसऱ्या वर्षीपासून मुले बेसनाचा आणि तुपाचा भाव तीन दुकानांत विचारून कागदावर लिहून आणू लागली. माझ्या वर्गातला एक मुलगा दोन वर्षे वहीत काही लिहीत नव्हता. त्याने पहिल्यांदा आपणहून लिहिलेली गोष्ट म्हणजे वाण्याची यादी. त्यातले ‘तूप’ ऱ्हस्व होते, पण किलोचा भाव आणि एकूण बेरीज बरोबर होती. फराळ वस्तीतल्या आयाच करतात, ईदचा शीरखुर्मा एका मुलाची आई सगळ्यांसाठी करते, आणि १४ एप्रिलला भाषणे मुलेच लिहितात. त्या दिवशी आम्ही पाहुणे असतो. देणगीदारांना बोलावतो, पण पंगतीत बसायला, वाढायला नव्हे.

याचा शाळेशी काय संबंध, असे कोणी विचारेल. संबंध असा की जी आई एरवी पालकसभेला येत नाही, कारण तिथे आपल्याला काही तरी ऐकवतील अशी तिला भीती असते, ती कढईपाशी चार तास बसते आणि त्या चार तासांत मुलीला पुढे शिकवायचे की नाही हे बोलणे सहज निघते. आठवीनंतर नाव काढून टाकायचे ठरलेल्या दोन मुली याच बोलण्यामुळे आज अकरावीत आहेत.

सण आणि शिक्षण यांची ही सांगड नवी नाही. महर्षी कर्वे यांनी १८९६ साली स्थापन केलेल्या आणि पुढे हिंगण्याला गेलेल्या संस्थेचा भाऊबीज निधी पुष्कळांना माहीत असेल. दिवाळीत घरोघर जाऊन ओवाळणी मागायची आणि ती मुलींच्या शिक्षणाला लावायची, ही कल्पना आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांनी पाहिली आहे. तिथे सणाचा पैसा शाळेकडे वळतो. आम्ही शाळेच्या पैशातला थोडा सणाकडे वळवतो, एवढेच.

ताळेबंद :

चर्चा चांगली चालली आहे. मी फक्त कागदांपुरते लिहितो, कारण मूळ प्रश्नातला तो भाग मागे पडला.

संस्था न्यास म्हणून नोंदलेली असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक आणि मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागावेत. चांगली संस्था ते मागण्याआधीच पाठवते. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ८० जी खालील, देणगीवरची करसवलत हवी असेल तर पावतीवर विसंबू नका. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून संस्थेने देणग्यांचे विवरण आयकर खात्याकडे भरून देणगीदाराला १० बीई हे प्रमाणपत्र द्यायचे असते आणि ते नसेल तर सवलतीचा दावा अडतो. २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख दिल्यास सवलत नाही, आणि फराळ, कपडे, दप्तरे अशा वस्तुरूप देणगीलाही नाही. नवी करप्रणाली निवडलेल्यांना ही सवलत मुळातच मिळत नाही, त्यामुळे तुमच्या चौदांपैकी बऱ्याच जणांसाठी हा प्रश्न कदाचित उरलेलाच नसेल.

तुमच्यात कोणी परदेशी असल्यास एक गोष्ट नीट पाहा. परदेशात राहणारा, पण अजून भारतीय नागरिक असलेला मित्र स्वतःच्या बचतीतून देत असेल तर ती विदेशी देणगी मानली जात नाही. त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल तर मानली जाते, आणि मग संस्थेकडे २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय ती रक्कम घेता येत नाही. तुमच्या खात्यात सगळ्यांची वर्गणी एकत्र जमा करून पुढे पाठवणे हा यावरचा उपाय नव्हे. त्यात तुम्ही आणि संस्था दोघेही अडचणीत याल.

फोटोंबद्दल थोडेसे. बाल न्याय कायदा, २०१५ याचे कलम ७४ काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकांची ओळख प्रसारमाध्यमांतून उघड करण्यास मनाई करते आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. आई-वडिलांसोबत वस्तीत राहणाऱ्या प्रत्येक मुलाला हे कलम लागू होतेच असे नाही. पण ज्या संस्थेला पालकांची लेखी संमती न घेता मुलांचे चेहरे अहवालात छापण्यात काही वावगे वाटत नाही, तिच्या इतर नोंदीही मी जरा बारकाईने तपासेन.

जमाखर्च :

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आमची बैठक झाली. तट मोडले असे म्हणणार नाही, पण ‘सण-उत्सव’ या ओळीखालच्या ४६,००० रुपयांपैकी मंडप, ध्वनिक्षेपक आणि पाहुण्यांचे सत्कार यांवर किती गेले ते आधी मागवायचे, यावर दोन्ही तट एक झाले. सत्काराची एक शाल माझ्याच कपाटात आहे, हे मी बैठकीत सांगितले. आमच्यातल्या एकाने मागच्या वर्षी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असून त्याची वर्गणी यंदा आम्ही थांबवली आहे.

संस्थेला सविस्तर पत्र पाठवले. नववी-दहावीच्या मुलांसाठी ६०,००० रुपये वेगळे राखावेत, वाटपाची रांग आणि फोटो बंद करावेत आणि सणाची रक्कम मुलांच्या समितीच्या हाती द्यावी, असे त्यात सुचवले आहे. शिवाय खडूची डबी यांनी सांगितलेले दोन आकडे मागितले आहेत. आज दुपारी संस्थेच्या कार्यवाहांचा फोन आला. समितीची कल्पना त्यांना पसंत आहे, मंडपाचा तपशील ते पाठवणार आहेत. सुट्टीआधीचा पट त्यांच्याकडे आहे. सुट्टीनंतरच्या तिसऱ्या आठवड्याचा मात्र त्यांनी आजवर एकाही वर्षी ठेवलेला नाही. यंदा ठेवू म्हणाले, आणि ‘तो मोजायला त्या आठवड्यातल्या सोमवारी माझ्यासोबत वस्तीत याल का,’ असेही त्यांनीच विचारले. मी हो म्हटले आहे.