मोआबला जीप ओढत न्यायची आहे, पिकअप पुरेल का?

मंडळाच्या लिस्टवर: मानेवाडा (सध्या मुक्काम नागपूर)

नमस्कार मंडळी,

मी सुट्टीवर नागपूरला आलोय, अजून दोन आठवडे इथेच आहे, रोज सकाळी तर्री पोहे चालू आहेत त्यामुळे तब्येत उत्तम. एक विचारायचं होतं. एप्रिलमध्ये डॅलसहून आम्ही तीन फॅमिली मोआबला जाणार आहोत, युटामध्ये, लाल खडकांचे ट्रेल आहेत तिथे. मागच्या वर्षी जुनी चार दारांची रँग्लर जीप घेतली, तिला ३५ इंची टायर, पुढे स्टीलचा बंपर, विंच वगैरे लावून झालंय. हजार मैल तीच चालवत न्यायची इच्छा नाही कारण एक तर हायवेवर त्या टायरचा आवाज कानात बसतो आणि दुसरं म्हणजे ट्रेलवर काही तुटलं तर परत कसं यायचं. म्हणून कार हॉलर ट्रेलरवर चढवून माझ्या हाफ-टन (म्हणजे पिकअपमधल्या हलक्या वर्गाच्या) पिकअपने ओढायचा विचार आहे. डीलरने सांगितलं की गाडी साडेनऊ हजार पाउंड ओढते. जीप ४,८०० भरते, काट्यावर बघितलंय, ट्रेलर २,१०० चा आहे, म्हणजे सगळे मिळून ६,९००. अडीच हजारांची गुंजाइश आहे तर काही टेन्शन नसावं असं मला वाटते, पण बायको म्हणते आधी लिस्टवर विचार. रस्ता अमरिलो, अल्बुकर्की, मग ५५० हायवेने वर फार्मिंग्टन, कॉर्टेझ, मोंटिसेलो असा धरलाय. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

--------

लिस्टवर: धरमपेठचे काका

बाबू, सूनबाईंनी विचारायला लावलं ते फार चांगलं केलं. मी परत येऊन सहा वर्षं झाली पण तिकडे बावीस वर्षं ट्रेलर ओढलाय, म्हणून जरा लांब लिहितो, पूर्ण वाच.

डीलरचा आकडा विसरून जा. खोटा आहे असं नाही, पण तो आकडा काढताना गाडीत जवळजवळ कोणी बसलेलंच नसते. तुझा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर आहे, पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर, माणसं आणि सामान मिळून इतक्या पाउंडांच्या वर जाऊ नका असं लिहिलेलं असते, त्याला पेलोड म्हणतात. तो फोटो मागव कोणाकडून तरी. आणि हे समजून घे की ट्रेलर नुसता मागून ओढला जात नाही, तो हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीवर, खाली दाबतोही, आणि तो दाब तुझ्या पेलोडमधून कापला जातो. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के दाब हिचवर पाहिजेच. म्हणजे तुझ्या ६,९०० वर कमीत कमी ६९०, आणि मी तर १२-१३ टक्क्यांखाली कधी निघत नव्हतो, ते झाले सव्वाआठशे-नऊशे. आता त्याच स्टिकरच्या आकड्यात तू, सूनबाई, दोन पोट्टे, कूलर, हत्यारं, पाण्याचे कॅन हे सगळं बसवून दाखव.

दुसरं, ट्रेलरची स्वतःची एक मर्यादा असते, ती ट्रेलरच्या जिभेवरच्या, म्हणजे हिचकडे येणाऱ्या पुढच्या दांड्यावरच्या, प्लेटवर लिहिलेली असते. ३,५०० चे दोन अॅक्सल असलेला जो सर्रास मिळतो तो एकूण ७,००० चा असतो. तुझे ६,९०० झालेच. म्हणजे जीपमध्ये सामान टाकून पिकअप हलकी करायची म्हटलं तर तिथेही शंभरच पाउंड उरलेत!

दाब कमी ठेवला तर काय होते ते मी भोगलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी कोलोरॅडोला जाताना ट्रेलरवर जीप जरा मागे सरकवून उभी केली, कारण पुढे जनरेटर ठेवायला जागा पाहिजे होती, आणि वर जीपच्या मागच्या भागात स्पेअर अन् हत्यारांची पेटी. सपाट रस्त्यावर चारशे मैल काही कळलं नाही. रॅटन पास ७,८०० फुटांच्या वर आहे, तो चढलो, उतार लागला, एक मोठा ट्रक बाजूने गेला आणि त्याच्या हवेने ट्रेलर मागे शेपटीसारखा हलायला लागला, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, दरवेळी आधीपेक्षा जास्त. पाय आपोआप ब्रेककडे जातो. तिथेच घात होतो. पिकअपचे ब्रेक लागले की मागचं वजन आणखी जोराने पुढे ढकलते आणि गाडी वळून जाते. ब्रेक सोड, अॅक्सिलरेटरवरून पाय काढ, स्टिअरिंग सरळ घट्ट धर आणि डॅशबोर्डवर ट्रेलर ब्रेक कंट्रोलरचा जो खटका असतो तो हाताने दाब, म्हणजे फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात आणि तो मागून ताणला जाऊन सरळ होतो. मला कोणी तरी आधी शिकवून ठेवलं होतं म्हणून आज लिहून राहिलोय. तुझी काकू बाजूला बसली होती, त्यानंतर दोन तास ती एक शब्द बोलली नाही.

तर ब्रेक कंट्रोलर पाहिजेच. वेट डिस्ट्रिब्युशन हिच पाहिजे, त्याने मागे बसलेला भार पुढच्या चाकांवर परत जातो, नाही तर पुढचं तोंड वर उचलून स्टिअरिंग हलकं पडते. बऱ्याच हिचवर ते लावलं नाही तर मर्यादा ५,००० वरच संपते, लेबल वाच. अन् या महिन्यात इथेच आहेस तर रविवारी माझ्यासोबत काटोलला चल. संत्री तोडणं सुरू आहे, तुला एक गोष्ट डोळ्यांनी दाखवतो.

--------

लिस्टवर: महालची ताई (डॅलस)

काकांनी वजनाचं सगळं सांगितलंच आहे, मी फक्त टायरबद्दल बोलते कारण आमचा टायर अमरिलोच्या अलीकडे २८७ हायवेवरच फुटला होता, भर दुपारी, जुलैमध्ये, आणि ट्रेलरला स्पेअरच नव्हता. कारला आहे, जीपला आहे, ट्रेलरचा वेगळ्या साइझचा असतो हे डोक्यातच आलं नाही. चार तास रस्त्याच्या कडेला. पोरं रडकुंडीला आलेली.

ट्रेलरच्या टायरवर एसटी, म्हणजे स्पेशल ट्रेलर, लिहिलेलं असते, त्यातले पुष्कळ ६५ मैल स्पीडच्या हिशोबाने बनवलेले असतात, तिथे टेक्सासमध्ये ७५ ची पाटी दिसली म्हणून ७५ ने जायचं नाही. टायरची नक्षी (ट्रेड) बघून भुलू नका, ट्रेलरचा टायर झिजून नाही तर उभ्या उभ्या जुना होऊन मरतो. टायरच्या बाजूवर छापलेल्या डीओटी नंबरच्या शेवटी चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आमचे सात वर्षांचे होते आणि दिसायला कोरे करकरीत. हवा थंड टायरमध्ये भरा, साइडवॉलवर जेवढी लिहिली तेवढी पूर्ण, कमी हवेने टायर तापतो आणि तापूनच फुटतो. समृद्धीवर आपल्या नागपूरकडच्या गाड्यांचे टायर फुटतात म्हणून सगळे काळजी करतात ना, तीच गोष्ट आहे, सरळ रस्ता, ऊन, स्पीड आणि कमी हवा.

आणि दर वेळी पेट्रोल भरायला थांबलात की चारही हबजवळ, म्हणजे चाकांच्या मध्यभागी, हात न्या. एक हब बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागला तर बेअरिंग गेलं किंवा ब्रेक चिकटून राहिला. पन्नास-एक मैलांनंतर चाकाचे नट परत आवळा. ट्रेलरच्या उंचीला चालेल असा जॅक आहे का ते घरीच लावून बघा.

आय-४० हायवेवर आडवा वारा फार असतो, सकाळी लवकर तो पट्टा काढा.

--------

लिस्टवर: मानेवाडा

काका, ताई, दोघांचे खूप आभार. रविवारी काटोलला जाऊन आलो ते लिहितो, लिस्टवर इतरांनाही उपयोग होईल.

काकांच्या भावाच्या बागेत ट्रॅक्टर आहे पण आतल्या ओळींमधून माल काढायला अजून बंडी वापरतात. संत्र्यांची कॅरेट, एकेक वीसेक किलोचं, बंडीत भरणं चालू होतं. काकांनी सालदाराला सांगितलं की मुद्दाम सगळी कॅरेट मागे रच, बैल जुंपू नको, आणि मला म्हणाले धुरा धरून उभा राहा. सुरुवातीला हातावर चांगला भार होता. चाकाच्या आसाच्या मागे सहावं-सातवं कॅरेट ठेवलं आणि धुरा एकदम हलकी झाली, बोटाने उचलली जाईल अशी, आणि आणखी दोन ठेवल्यावर ती माझ्या हातातून वर जायला लागली, मी लोंबकळून खाली ओढत होतो. सालदार म्हणाला, "उलाय झाली भाऊ. असी हाकली तं जू वर उठते अन् बैलाचा गया आवयते. बैल मंग सरका चालत नाई." मग त्याने तीच कॅरेट, एकही कमी न करता, पुढे सरकवली, आणि धुरा पुन्हा जड झाली. आणखी पुढे घेतली तर म्हणाला आता धुरजड झाली, बैलाच्या मानेवर येईल. मग दोन मागे घेतली. कुठलाही काटा नाही, खांद्याने धुरा उचलून त्याला कळते की बरोबर आहे.

काका म्हणाले, हाच तुझा टंग वेट, हिचवरचा दाब. माल तोच, वजन तेच, आसाच्या कोणत्या बाजूला ठेवला त्यावर सगळं. मला हे इंजिनिअर असून इतकं नीट कधी समजलं नव्हतं, मी दहा व्हिडिओ बघितले होते. जीप ट्रेलरवर चार इंच पुढे की चार इंच मागे याने एवढा फरक पडेल हे पटत नव्हतं, तिथे धुरा हातातून सुटताना पटलं.

परत येताना सावनेर रोडला चहाला थांबलो तिथे स्टिकरचा फोटो आला. पेलोड १,४८० पाउंड. आम्ही चौघं ४८०, सामान २५०, उरले ७५०. १२ टक्के धरले तर पाहिजेत ८२८, वर त्या हिचचंच वजन ९० च्या आसपास. म्हणजे नाही बसत. डीलरच्या हिशोबाने अडीच हजार शिल्लक होते आणि खऱ्या हिशोबाने मी दीडशेने वर चाललोय, आणि हे मी पोरांना मागे बसवून करणार होतो.

काका, फ्लॅट टो केलं तर? चारही चाकं रस्त्यावर ठेवून, टो बार लावून.

--------

लिस्टवर: धरमपेठचे काका

रँग्लर त्याला चांगली आहे, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) न्यूट्रलमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर गिअर पार्कमध्ये, स्टिअरिंगचं लॉक उघडं, मॅन्युअलमध्ये क्रम दिलाय तो जसाच्या तसा पाळायचा. हिचवर दाब जवळपास येत नाही म्हणून पेलोडचा प्रश्न सुटतो. पण जीपमध्ये वेगळी ब्रेक सिस्टिम बसवावी लागते, रिव्हर्स घेता येत नाही, आणि तू ज्यासाठी ओढतोयस तेच कारण हातातून जाते. ट्रेलवर अॅक्सल तुटला तर चार चाकांवर ती घरी येणार कशी? तुझ्या कामाला ट्रेलरच.

भार कमी कर. माणसं दुसऱ्या गाडीत बसव, तुझ्यासोबत फक्त एक जण ड्रायव्हिंगला. जीपवरचा रूफ रॅक, तंबू उतरवून ठेव. निघायच्या आधी भरलेल्या गाडीने ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाच्या वजनकाट्यावर जा, पुढची चाकं, मागची चाकं, ट्रेलर असं वेगवेगळं वजन लिहून देतात, थोडेच डॉलर लागतात. एकदा ट्रेलर जोडून, एकदा काढून. मागच्या-पुढच्या चाकांची बेरीज दोन्ही वेळची वजा केली की हिचवरचा दाब मिळतो, वेट डिस्ट्रिब्युशनचे बार मात्र त्या वेळी काढून ठेव. आपल्याकडे वाडीला धर्मकाट्यावर ट्रकवाले रोज जातात, आपण लाखोंची गाडी घेऊन एकदाही जात नाही.

बांधायला चार कोपऱ्यांना चार वेगळे पट्टे, जीपच्या अॅक्सलला बांध, बॉडीला नाही, म्हणजे सस्पेन्शन हललं तरी पट्टा ढिला होत नाही. पट्ट्यावर दोन आकडे असतात, १०,००० ला तुटतो पण वापरायची मर्यादा ३,३३३, दुसरा आकडा धर. पंचवीस मैलांवर थांबून पुन्हा ताण. सेफ्टी चेन कपलरखाली (ट्रेलर हिचला अडकतो त्या तोंडाखाली) फुलीसारख्या आडव्या लाव, कपलर सुटला तर जीभ त्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही.

क्लाइन्स कॉर्नर्सजवळ सात हजार फूट आहे, मोंटिसेलोही तेवढंच. तुझं इंजिन टर्बो नसेल तर दर हजार फुटाला तीनेक टक्के ताकद जाते, चढावर गाडी ओरडली तरी घाबरू नको, उजव्या लेनने आरामात चढ. मोंटिसेलोहून मोआब म्हणजे तीन हजार फूट खाली, तिथे टो-हॉल मोड, म्हणजे गाडीतली ओझं ओढायची सेटिंग, लाव आणि गिअर उतरव, ब्रेकवर पाय ठेवून बसू नको. आपले घाटातले ड्रायव्हर सांगतात ना, ज्या गिअरमध्ये चढला त्याच गिअरमध्ये उतर.

आणि ईस्टरच्या आधीचे नऊ दिवस टाळ. १९६७ पासून तिथे ईस्टर जीप सफारी भरते, ट्रेलर उभा करायला जागा सापडत नाही, पहिल्यांदा जाणाऱ्याने त्या गर्दीत रिव्हर्स शिकू नये. पहिल्या दिवशी फिन्स अँड थिंग्स हा ट्रेल कर, हेल्स रिव्हेंजचा ट्रेल दुसऱ्या दिवशी.

--------

लिस्टवर: मानेवाडा

ठरलं. बायको आणि पोरं दुसऱ्या फॅमिलीच्या मिनीव्हॅनमध्ये, कूलर-पाणी पण त्यांच्याकडे. पिकअपमध्ये मी आणि ड्रायव्हिंगला एक जण, दोघं मिळून ३४०, हत्यारं आणि रिकव्हरीचं सामान १००, हिच ९०, उरले ९५०. जीपचा रॅक काढला की ट्रेलरवरही श्वास घ्यायला जागा होते. तारीख ईस्टर झाल्यानंतरची, दोन आठवड्यांनी. ट्रेलरच्या मालकाला टायरच्या त्या चार आकड्यांचा फोटो मागितलाय, चारही टायरचा आणि स्पेअरचा, तो आल्याशिवाय अॅडव्हान्स देणार नाही.

डॅलसमध्ये कोणाकडे मोठी रिकामी जागा असलेलं पार्किंग माहीत असेल तर कळवा, फेब्रुवारीत दोन-तीन शनिवार फक्त ट्रेलर रिव्हर्स घ्यायची प्रॅक्टिस करायची आहे. ताई, तुम्ही येऊन बाहेरून हात दाखवाल का?

काका, वीस तारखेला निघतोय, त्याआधी एकदा घरी येऊन जातो. सालदार भाऊंना काय आणू तेही सांगा.